विलंबाचे कारण

झेस्टापोनी स्टेशनच्या रद्दीतून आणलेलं रजिस्टर.
रकाने छापलेलेच होते:
गाडी क्रमांक, आगमन, प्रस्थान, विलंब, विलंबाचे कारण.
गाडी क्रमांकाखाली मी लिहिलं, नुत्सा,
वय एक वर्ष सात महिने.

झोप आली नऊ दहाला.
गेली अकरा पस्तीसला.
कारण: चमचा पडला.
कारण: दात, वरचा, डावा.
कारण: मी शिंकलो.
कारण: माहीत नाही. उभी राहून पडद्याकडे बोट दाखवत होती
आणि पडद्यावर काही नव्हतं,
मीही नीट पाहिलं.

आमच्याकडे आठ वाजतात तेव्हा
तिकडे बारीला पहाटेचे पाच.
खातुना फोनवर आधी हेच विचारते, कशी झोपली?
मी कसा आहे ते नंतर, वेळ उरला तर.
मी रकाने वाचून दाखवतो, ती मध्येमध्ये "हं" म्हणते
पगारातली कपात ऐकावी तशी.
मग तिचं सांगते.
सिन्योरा फिलोमेना, नव्वदीच्या पुढची, रात्री तीनदा उठली,
एकदा मेलेल्या नवऱ्याला हाक मारत,
एकदा पाणी, एकदा चपला शोधत, बाजाराला उशीर झाला म्हणून.
म्हातारीच्या सुनेनं खातुनालाही वही दिलीय, निळी,
दर रविवारी येऊन तपासते.
माझ्या किंवा तिच्या
डोळ्याला डोळा कधी लागला
याला दोन्हीकडे रकाना नाही.

शेजारची गुलनारा दिवसा पोरीला सांभाळते. म्हणते,
लिहून कुणाचं मूल झोपलंय का रे?
उशीखाली कात्री ठेव.
असल्यावर माझा विश्वास नाही.
एक रात्र ठेवली होती. नोंद केली नाही.

दोन चाळीसला चियातुराहून मँगेनीजची मालगाडी येते.
बेचाळीस डबे.
खिडकीच्या काचा, फडताळातले पेले,
भिंतीवरचा लग्नाचा फोटो, सगळं थरथरतं.
पाहुणा असेल तर अंथरुणात उठून बसतो.
नुत्सा कूसही बदलत नाही.
एका चमच्यानं जागी होणारी ही पोर!

फेब्रुवारीत खाणीत संप झाला.
पाच रात्री गाडी नाही.
पाचही रात्री ती उठली,
रडली नाही, नुसती बसून राहिली
अंधारात मान किंचित वाकडी करून.
मी थर्मामीटर लावला, दूध कोमट केलं,
हिरड्यांना मध लावला, तळपायांना गुलनाराचं तेल.
वहीत लिहिलं, कारण: माहीत नाही,
कारण: माहीत नाही, कारण: वरीलप्रमाणे.

सहाव्या दिवशी ड्युटीवर खरं रजिस्टर भरत होतो,
मालगाडी रद्द, मालगाडी रद्द,
आणि पेन तसंच हवेत राहिलं.

त्या रात्री अडीचलाच उठलो.
खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरली,
आधी हलकेच हलवली, गाडी पुलापलीकडे असावी तशी,
मग जोरात,
मग फडताळाला खांदा लावून पेल्यांसकट.
एकेक डबा मोजत होतो.
एकोणिसाव्याला वख्तांगच्या घरात दिवा लागला,
तिसाव्याला त्याचं कुत्रं भुंकायला लागलं.
नुत्सानं एक डोळा उघडला,
उशिरा आलेल्या खलाशाकडे स्टेशनमास्तर पाहतो
तसं पाहिलं माझ्याकडे
आणि डोळा मिटला.
तरी मी बेचाळीस पुरे केले.
शेवटचा डबा राहिला तर गार्ड कुठे बसणार?

सकाळी फोन.
कशी झोपली?
म्हटलं, अखंड.
खरंच?
मी पानं चाळल्याचा आवाज केला.
ती जरा वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, सिन्योराही काल अखंड झोपली, अगदी सकाळपर्यंत.
तिच्या मागे, दुसऱ्या खोलीतून,
एक म्हातारा आवाज कुणाला तरी हाक मारत होता.
बरं झालं, मी म्हटलं.

कामावर बारा मिनिटं उशिरा पोचलो.
कारणाचा रकाना कोराच ठेवला.