न बांधलेले मजले

निझ्वाच्या नगररचना कचेरीत
माझं तिसरं टेबल, खिडकीकडे पाठ.
काम एवढंच: खजुरीच्या बागा मोजायच्या
आणि त्यांच्यावर कधीच न उठणाऱ्या मजल्यांचा
हिशोब लावायचा.

रय्या बिंत खलफान आली तेव्हा
दुपारच्या अजानीला दहा मिनिटं होती.
प्लास्टिकच्या पिशवीत बागेचा कागद,
कडा वाळवीनं कुरतडलेल्या.
मी मोडक्यातोडक्या अरबीत सुरू केलं:
बाग तुमचीच राहील. झाडं तुमची, खजूर तुमचा.
फक्त बांधायचा हक्क तेवढा उचलून
फिर्कच्या हमरस्त्यावर नेऊन ठेवू.
तिथला कुणी बिल्डर तो विकत घेईल,
आपली इमारत दीड मजला चढवील.
पैसे तुम्हाला.
इथं मात्र पुन्हा वीट चढायची नाही,
तुमची नाही, नातवंडांचीही नाही.

हे ऐकलं की लोक माझ्याकडे
भोंदू वैद्याकडे बघावं तसं बघतात.
तिचा भाऊ बघतच होता.
"म्हणजे हवा विकायची?"

ती हसली.
"आमच्या फलजाचं पाणी बघितलंस?
अर्ध्या अर्ध्या तासाचा एकेक अथर.
दिवसा काठीच्या सावलीवर मोजायचे, रात्री ताऱ्यांवर.
माझ्या बापानं माझ्या मोठ्या भावाच्या लग्नात
दोन अथर विकले, जमीन वीतभर नाही.
जमीन इथं, तिचं पाणी दुसऱ्याच्या बागेत,
चाळीस वर्षं झाली.
आणि तुम्ही आत्ता मजले मोजायला लागलात होय?"

मी फॉर्म पुढे सरकवला.
दोन हजार तीनशे दहा चौरस मीटर, अंकी आणि अक्षरी.
रकाना नऊ: जमिनीचे इतर लाभ.
"सावली लिही," ती म्हणाली.
म्हटलं, कायद्यात सावलीला कलम नाही.
"मग कोरा ठेव. खाडाखोड नको."

पुढच्या थंडीत तिचा फोन.
ते मला दाखव.

फिर्कला चौथ्या मजल्याचा नुसता स्लॅब,
भिंती नाहीत, वारा सोसाट्याचा.
फोरमननं तिच्या काळ्या ओढणीवर
पिवळं हेल्मेट बसवलं.
तिनं चपला काढल्या.
"हा माझा का?"
हा, आणि वरचा अर्धा.
टाचेनं दोनदा ठोकून बघितलं तिनं
आणि चालू लागली सळयांना वळसे घालत.
"इथं लिंबोणी. इथून पाट.
इथं खुनैझीची नऊ झाडं, त्यातलं एक फळत नाही,
कापू कापू म्हणत राहिलंच."
एका कॉलमपाशी थबकली.
"हा तर विहिरीत उभा आहे रे."
फोरमन हसला.
मला हसता आलं नाही.

अंबरनाथला माझा फ्लॅट सातव्या मजल्यावर.
पहिले पाच जमिनीचे, वरचे टीडीआरचे,
असं बुकिंगच्या दिवशीच सांगितलं होतं त्यांनी.
मी विचारलं होतं, बाल्कनी पूर्वेला आहे ना?
बाकी काही विचारलं नव्हतं.

या सुट्टीत सेक्रेटरी गव्हाणकरांना गाठलं.
आपले वरचे मजले कुठल्या जागेवरून आले?
"फायलीत असेल. का, काही प्रॉब्लेम?"
फायलीत एक नंबर निघाला, आणि शिक्का.
गावाचं नाव पंचिंगच्या भोकात गेलेलं,
शेवटचा 'ली' तेवढा शिल्लक.

रात्रीचे अकरा.
निझ्वात साडेनऊ.
रय्याची पाळी असेल तर आता
पाटाच्या तोंडातली चिंधी कुणीतरी काढली असेल.
मी स्वयंपाकघरात अनवाणी उभा.
ओट्याखाली काय असेल?
पेरू? करवंदीचं कुंपण?
नुसतंच गवत?
टाचेनं फरशी ठोकली, एकदा, मग पुन्हा.

फोन वाजला. सहाव्या मजल्यावरून मेसेज:
एवढ्या रात्री काय ठोकताय?