काढू नये

महाप्याला रात्रीचे पावणेदोन.
पाणीबिलांची क्वेरी छत्तीस मिनिटं फिरते आहे
आणि वॉर्ड ऑफिसची खिडकी
सकाळी दहाला उघडणार.

मी प्लॅनरला विचारते, बाबा, कुठून चाललायस?
तो आराखडा दाखवतो, बाणांचा, नेटका, निगरगट्ट:
आधी घणसोली गाठायची, मग घणसोलीतला एकेक नळ.
त्याच्या वहीत घणसोलीला नळ एकशे बारा.
वही शेवटची कधी भरली कोण जाणे,
टॉवर उभे राहिले त्याच्या आधी कधीतरी.

खोटं बोलत नाही तो.
जुनं बोलतो.

या कामात आम्हाला एक मुभा आहे,
फार वापरू नये अशी.
क्वेरीच्या पोटात एक ओळ घालायची:
वॉर्डाचा इंडेक्स सोड, मीटर क्रमांकाचा धर.
विनंती नव्हे. हुकूम.

केणीसाहेबांनी शिकवलं हे. गावठाणातले ते.
पहिल्यांदा त्यांच्या घरी निघाले तेव्हा
फोनमधल्या बाईने मला तीनदा नाल्यावर नेलं.
तिच्याकडे सेक्टर होते, प्लॉट होते,
गावठाणाला ना सेक्टर ना प्लॉट.
शेवटी केणी रिक्षावाल्याला म्हणाले,
"नकाशा खिशात ठेव. विहीर दिसते?
तिथं थांब, आणि जनाबाय कुठं ऱ्हाते इचार."
दोन मिनिटांत त्यांच्या ओट्यावर.

मी ती ओळ लिहिते.
अकरा सेकंद.
एवढी शांतता, की एसी ऐकू येतो.

चहाला उठणार, तर थकबाकीची क्वेरी अडकते.
उघडून बघते. तिच्या पोटात आधीच एक हुकूम,
इथूनच जा,
आणि शेजारी टिपण:
"काढू नये. त्रिं. केणी."

तेव्हा बरोबरच असणार.
तेव्हा थकलेले मोजके, गल्ली मोकळी.
आता त्याच गल्लीत साडेचार लाख नावं,
आणि प्लॅनरला पलीकडचा रस्ता दिसतोय,
पण हात बांधलेले.

केणी निवृत्त झाले. विहीर बुजवून तिथं जिम झाली.
जनाबाय सुनेकडे, दिव्याला.

दोन वाजता फोन कुणाला करणार?
ओळ पुसते. थोडं भीत पुसते,
थोरांचं ताट उचलावं तशी.
प्लॅनरला म्हणते, जा, तुला वाटेल तिथून.
तो जातो. बरा जातो की.

वही नव्याने भरायला लावली आहे,
उजाडेल तिला. तोवर
माझी ओळ राहू दे.
तिच्या शेजारी टिपण हवं.
"काढू" एवढं बोटांतून उतरतंच,
मागे येते, अक्षर अक्षर खोडत.

तारीख घालते. कारण घालते.
नळ तेव्हा किती समजत होतास, आणि होते किती, तेही.
"वही भरली की काढून बघा.
ऋजुता ठोंबरे, रात्रपाळी."