मामाने काढलेलं तिकीट

शनिवारी पहाटे फाबियाव मामा फाटकापाशी उभा,
अंगात लग्नाचा कोट, बाही आता आखूड झालेली.
म्हणाला, फेलिझार्दा, आज मला भाड्याने ने.
मापुतो बघायचंय.
मी हसले. एकाहत्तर वर्षं काय डोळे मिटून होतास?
म्हणाला, एकतीस वर्षं. दिवसा झोपायचो ना.

खरंच होतं ते.
संग्रहालयाचा रात्रीचा राखणदार :
संध्याकाळी सहाला आत, सकाळी सहाला बाहेर,
आणि आमच्या अख्ख्या बालपणाला दुपारभर एकच दटावणी —
हळू बोला, मामा निजलाय.

मग मी चोपेला पुसली. तीन चाकं, पिवळं टप,
आरसा एका कोपऱ्यात तडकलेला.
पाहुण्यांना सांगते तेच सांगायचं ठरवलं,
त्याच क्रमाने, त्याच भावात.

हे बघा लोखंडाचं घर.
बड्या साहेबासाठी बोटीतून सुटं सुटं आणलं,
जोडलं, आणि साहेब म्हणे आत भाजून निघाला.
मामाने भिंतीला तळहात लावून बघितला.
म्हणाला, आपल्या पत्र्याच्या घराला
कोणी बघायला येत नाही ते.

स्टेशनात गाडी नव्हती, नवरी होती.
घुमटाखाली फोटो चालले होते. फोटोवाला खेकसला,
आजोबा, बाजूला व्हा —
मग कोट बघितला, आणि ओढून दुसऱ्या रांगेत उभं केलं.
कुणाच्या तरी भिंतीवर आता माझा मामा
वधूपक्षाकडून हसतोय.

कोपऱ्यावर पावात बाजिया घेतल्या, चार चार,
वरून तिखट. त्याने कागदही चाटला.

संग्रहालयाच्या दारात नवा पोरगा ताडकन उठला,
बाबा माब्जाया, तुम्हाला कसलं तिकीट, या आत.
मामा रांगेतून हलला नाही.
नाणी मोजली, तिकीट घेतलं, दोनदा वाचलं,
वरच्या खिशात घातलं, बाहेरून दिसेल असं.

आत पाऊल टाकलं आणि थबकला.
एवढा उंच आहे होय जिराफ!
बॅटरीच्या गोलात तो कायम तुकड्यातुकड्यानेच भेटायचा :
गुडघा. मग मान. मग काचेचा डोळा.
सिंह तर त्याला नुसता जबडा म्हणून ठाऊक.

पुढे हत्तिणीच्या पोटातली पिल्लं,
महिन्यामहिन्याची, ओळीने,
पहिलं मुठीत मावेल, शेवटचं जन्माला टेकलेलं.
इथे मामा मान खाली घालून चालू लागला, भराभर,
जणू रस्त्यात कुणी ओळखीचं भेटू नये.
म्हणाला, मी यांना नावं ठेवली होती.
वाईट नाही गं. नुसती नावं.
रात्र सरत नाही नाहीतर.

आठव्याचं काय, मी विचारलं, उगाच.
फेलिझार्दा, तो म्हणाला.
तुझ्या आईला तेव्हा आठवा लागला होता.
म्हणजे आधी ते, मग मी.
मी काचेत बघत राहिले. काचेत मीही होते.

संध्याकाळी कोस्ता दो सोल.
ओहोटीने समुद्र पार लांब नेऊन ठेवलेला,
बायका वाकून चिखलातून तिसऱ्या वेचत होत्या.
मामा मोजे काढून बसला. कोळंबी नको म्हणाला, महाग.
पुलाकडे पाठ करून कातेंबेच्या बोटीबद्दल बोलत होता
आणि बोलता बोलता हात खिशात गेला.
सहा वाजले होते.
बॅटरी बाहेर आली, पेटली,
एवढ्या उजेडात कुठेच पडली नाही.
तरी त्याने ती समुद्रावरून डावीकडून उजवीकडे
सावकाश फिरवली, सगळं जागच्या जागी आहे ना, बघावं तशी.

परत येताना किती झाले म्हणाला.
तू मामा आहेस, मी म्हटलं.
आज गिऱ्हाईक आहे, तो म्हणाला.
मी निम्मे घेतले, भांडून.
उरलेले मेटिकाल परवा सापडले,
मागच्या सीटच्या फटीत, तिकिटात गुंडाळलेले.
पेट्रोलला दिले.
तिकीट आरशाच्या तड्यात खोचलंय.