छत्तीस लाख

मोटार जळाली की आधी वास येतो,
व्हार्निशचा, करपलेल्या शेंगदाण्यासारखा.
मग फोन.
भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागं,
आठ बाय दहाच्या गाळ्यात
मी तांब्याची तार वेढ्यावेढ्यानं मोजतो.
पाटीवर लिहिलंय बोद्दूल वाइंडिंग वर्क्स.
फिजिक्स कुठंच लिहिलेलं नाही.

या खेपेची मोटार गुरुवार पेठेतल्या सोसायटीची,
अर्धा हॉर्सपॉवर, तिसऱ्यांदा जळालेली.
म्हटलं, एकची बसवा, टाकी निम्म्या वेळात भरेल.
सेक्रेटरी चांदोरकरांनी चष्म्यावरून पाहिलं,
आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात सूचना लागली:
"मोठी मोटार म्हणजे दुप्पट बिल.
सभासदांनी या विषयावर चर्चेचा आग्रह धरू नये."

लावण्या, माझी नववीतली, शाळा सुटली की गाळ्यात बसते.
म्हणाली, पप्पा, सूचना चूक आहे.
शक्ती दुप्पट, वेळ निम्मा. ऊर्जा तेवढीच.
मी म्हटलं, शक्ती काय नि ऊर्जा काय, एकच की.
ताप उतरल्यावर म्हणतोच ना आपण,
अंगात शक्ती नाही?
"पुस्तकात एक नाहीत.
दिवाळीत आई एका दिवसात जो ड्रेस शिवते
तोच आषाढात तीन दिवस चालतो.
ड्रेस तोच. बदलते ती आईची शक्ती."
आई तिथं नव्हती, हे बरं झालं.

मग लेदरॉइड कागदाच्या कपट्यावर तिनं मांडलं:
दोन हजार लिटर, पंधरा मीटर उंची,
मध्ये नऊ पूर्णांक आठ.
दोन लाख चौऱ्याण्णव हजार ज्यूल.
आणि बिलातलं एक युनिट,
हजार वॅट तासभर,
म्हणजे छत्तीस लाख.
छत्तीस लाख! आणि आपण भरतो किती?
"ज्यूल फार स्वस्त असतात, पप्पा."
टाकीला लागतो युनिटचा जेमतेम बारावा हिस्सा.

मला हसू आलं. तिथला सब-मीटर मीच बसवलाय.
दर टाकीला तो जवळजवळ अर्धं युनिट दाखवतो.
तिनं पुन्हा गुणाकार केला. पुन्हा बारावा हिस्सा.
बाईंनीच चूक शिकवलं की काय
असा चेहरा झाला तिचा.
"मग बाकीचं गेलं कुठं?"

आता ती माझ्या गल्लीत आली होती.
टेस्टिंगला लावलेली मोटार बेंचवर घुमत होती.
तिचा हात धरून मी बॉडीवर ठेवला.
इथं.
बेअरिंगच्या घासण्यात,
गंजलेल्या पाइपाच्या वळणात,
आणि पाण्याला हात लागायच्या आधीच
तारेनं जे वाटेत खाल्लं, त्यात.
याला कुठलं एकक ते मला ठाऊक नाही.
तीन आकडे मोजेपर्यंत हात टिकला तर ठीक,
नाही टिकला तर पुन्हा वाइंडिंग.

"गरम आहे," ती म्हणाली, पण हात काढेना.
आहे. याच गरमाईवर तुझी फी निघते,
आईच्या मशीनचा हप्ता,
आणि करीमनगरहून आलेल्या आजोबांनी
माग विकून घेतलेल्या या गाळ्याचा कर.
सगळीच ऊर्जा इमानदारीत टाकीत चढली असती
तर मला इथं काही काम नसतं.
हे मी बोललो नाही. तिची चाचणी होती सोमवारी.

तो कपटा आम्ही मोटारीसोबत पाठवला.
चार दिवसांनी परत आला.
चांदोरकरांनी दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलेलं,
आणि नऊ पूर्णांक आठच्या खाली लाल रेघ:
"हे कुठून आले? खुलासा करावा."

मोटार अजून अर्ध्याचीच आहे.
लावण्यानं मात्र शिसपेन घेतली,
जरा विचार केला,
आणि रेघेखाली लिहिलं:
पृथ्वीकडून.