भेट झाली नाही

हलबच्या त्या शेखचं नाव लांबलचक आहे.
बाप, आजा, पणजा, गाव, धंदा, सगळं एका दमात.
मी त्याला नुसतं शेख म्हणते.
सातशे वर्षं झाली जाऊन, आता रागवायचा नाही.

विजापूर वेशीतल्या मदरशाच्या कपाटात
त्याचे नऊ खंड आहेत, उर्दूत उतरवलेले.
इद्रीस मौलवी एका वेळी एकच देतात
आणि परत करताना
वर्तमानपत्राचं नवं कव्हर मागतात.
टॉवेलांच्या कडा शिवून झाल्या की मी वाचते.
वहीच्या पुढल्या बाजूने डझनांचा हिशोब,
मागल्या बाजूने शेख.

पैगंबरांचा शब्द कुणाकडून कुणाकडे आला,
एवढंच तो जन्मभर तपासत बसला.
एका वाक्यासाठी अठ्ठावीस दिवस चालला.
ज्याच्या तोंडून ऐकायचं
तो आदल्या जुम्म्याला वारला होता.
शेख कबरीपाशी बसला, उठला,
आणि लिहिलं: भेट झाली नाही.

माणसांवर त्याच्या दोन-दोन ओळी.
‘सच्चा. ऐकताना डुलक्या घेई.’
‘सच्चा. वही जळाली, पुढे अंदाजाने सांगे.’
‘नेक, नमाजी, दयाळू. याचं काही घेऊ नये.’
‘सच्चा. अखेरीस डोकं गढूळ झालं.
गढूळ होण्याआधीचं घ्यावं, नंतरचं सोडावं.
कधीचं ते ठाऊक नसेल, तर थांबावं.’

इथे माझा पाय मशिनवरून खाली आला.

अब्बा, दस्तगीर मोमीन, विणाई खात्यात जॉबर.
मिल बंद पडून वीस वर्षं झाल्यावर
एका पहाटे डबा घेऊन गेटवर जाऊन उभे राहिले.
पहारेकऱ्याला विचारलं, भोंगा झाला का?
तारीख माझ्याकडे आहे. त्या दिवशी फक्त दोन डझन.

तर अम्मीची गोष्ट.
मला अब्बा म्हणाले होते,
‘तेरा नाम ली अन् गई.’
माझा भाऊ मौलाली सांगतो, त्यालाही म्हणाले होते,
‘तेरा नाम ली अन् गई.’
त्याने ऐकलं ते डब्याच्या आधी, रमजानात, नक्की.
मी कधी ऐकलं?
उन्हाळा होता. पंखा बंद होता.
सोलापुरात एवढ्यावरून साल कळत नाही.

मग मी निघाले. अठ्ठावीस दिवस नाही,
सिव्हिलपर्यंत सिटी बस,
तिथून पत्ता घेऊन अक्कलकोट रोड, उरलेलं चालत.
त्या रात्री वॉर्डात आया होती ती हणमव्वा,
आता दारात बसून शेंगा फोडते.
तिला आमच्याकडून ना घेणं ना देणं.
शेखला असे साक्षीदार फार आवडत.
तिने बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.
‘कोपऱ्यातली खाट. होय.
पानी म्हणाली. दोन वेळा.
मी आणायला गेले तेवढ्यात...’
मग मूठभर शेंगा दिल्या, घे म्हणाली.

रात्री वही उलटी धरली.
शेखचा नियम सरळ आहे:
चांगल्या मनाने रचणाराही रचणाराच.
एकदा रचलं की त्याचं मागचं-पुढचं सगळं बाद.
म्हणजे मिलमधली आग,
आजोबांनी हातमागावर विणलेलं ते मोराचं लुगडं,
माझ्या जन्माच्या दिवशी वाटलेली जिलेबी,
सगळं.

लिहिलं,
‘दस्तगीर, वडील पीरसाहेब, राहणार सोलापूर.’
पुढचा शब्द येईना.

आतून अब्बांनी हाक मारली. अम्मीच्या नावाने.
मी ओ दिली.
त्यांनी विचारलं, पोरं झोपली का?
म्हटलं, झोपली.

परत आले तेव्हा दिवे गेले होते.
अंधारातच त्या ओळीखाली
अंदाजाने माझं नाव लिहिलं,
बापाच्या नावासकट,
आणि पुढे: सच्ची. आजवर.