सात-दहा

जळगावच्या ऑफिसनं दिलेली फाईल घेऊन
मी पालला उतरले तेव्हा
सुकी नदीत पाण्यापेक्षा गाढवं जास्त होती.
फाईलीत छत्तीस रकाने,
वर ठळक: टूर ऑपरेटरांसोबत काम करण्यास पात्र पुरवठादार.
पुरवठादार म्हणजे जीपवाला रुबाब तडवी
आणि घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या
कुमुदिनी फिरके, वय अठ्ठावन्न.
शब्द ऐकून त्या हसल्या,
"मले वाटलं, सिमेंटवाल्याले म्हनतात."

रकाना चार. चौकशीला किती वेळात उत्तर देता?
रुबाब म्हणाला, सात-दहाला.
म्हणजे?
म्हणजे सात-दहाला.

संध्याकाळी त्यानं मला जीपमध्ये बसवून
गारबर्डीकडच्या वळणावर नेलं.
तिथं एका अंजनाखाली उभं राहिलं
तरच रेंजच्या दोन दांड्या येतात.
त्याच्या फोननं अकरा वेळा अंग झटकलं.
चष्मा लावून, एकेक अक्षर अंगठ्यानं दाबत
तो लिहीत बसला:
गाडी आहे. आठ सीट. पट्टे नवीन टाकले.
खिरोद्यापर्यंत रस्ता चांगला,
पुढचं खोटं सांगणार नाही.

मी जुने निरोप चाळले.
सात-दहा. सात-अकरा. सात-दहा.
मधेच एक आठ-चाळीस,
त्याखाली: उशीर झाला, माफी, मुलगी झाली.

चारला मी पाचपैकी पाच दिले.
कारण लिहायला ओळ पुरली नाही.

कुमुदिनीबाईंच्या मोरीत साबण होता, नवा,
बहुतेक माझ्यासाठीच फोडलेला.
अग्निशामक? वाळूची बादली.
दरपत्रक? भिंतीवर खडूनं,
त्यातला चहा पुसट झालेला.

रकाना एकवीस. आरक्षण रद्द झाल्यास धोरण.
त्यांनी आधी हातातला कांदा संपवला.
मग सांगितलं.
मार्गशीर्षातला शनिवार, पुण्याची सव्वीस माणसं,
सगळं फोनवर ठरलेलं, पैसे नंतर.
पहाटे पऱ्हाट्यांचा जाळ करून वांगी भाजली,
बडगीत कुटली, शेजारच्या दोघी मदतीला,
कळण्याच्या भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवल्या.
दुपारी दोनला रुबाब आला,
जीपमधून उतरला नाही.
ग्रुप तोरणमाळला वळवला म्हणे.

"मंग?"
"मंग काय. आश्रमशाळेतल्या पोरायले बोलावलं.
त्यायले सांगितलं, पुन्याच्या पाहुन्यायनं पाठवलं."

एकवीसला उत्तराच्या जागी
फक्त दोन चौकटी होत्या, हो आणि नाही.
मी पेनाचं टोपण काढलं, लावलं.

"बाई, त्यायचाबी असा कागद असते का?"
कोणाचा?
"जे पाठोतात त्यायचा. कोनी येऊन पाहते का,
यायनं भाकरीचे पैसे देले का नाही?"

मी शेवटचं पान उलटलं, जणू तिथं असेल.
तिथं छपाई करणाऱ्याचा पत्ता होता.
मुखपृष्ठावर मात्र, योजनेचे आश्रयदाते म्हणून
पहिलंच नाव त्याच पुणेकर कंपनीचं,
सोनेरी, बोटाला लागेल असं उठावाचं.
मी फाईल उपडी ठेवली.

त्या रात्री भरीत खाल्लं. तिखट होतं.
नोंदीत "मध्यम" लिहिलं, ते खोटं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी
अंजनाखाली आम्ही तिघं.
बाईंनी आकडे तोंडपाठ सांगितले,
वांगी, तेल, कळणा, शेजारणींची मजुरी.
रुबाबनं दोनदा बेरीज केली.
टाईप मी केलं, माझ्या फोनवरून, माझ्या हुद्द्यासकट.
हुद्दा घालू का नको यात थोडा वेळ गेला
म्हणून निरोप सात-चौदाला सुटला.

दोघांना प्रमाणपत्र मिळालं.
रुबाबनं ते जीपच्या काचेला आतून चिकटवलं,
उन्हानं त्याच्या कडा आता फुगल्यात म्हणे.
बाईंनी पिठाच्या डब्यामागे ठेवलंय,
कोणी मागितलं तर दाखवायला.

चोवीस तास कधीच उलटले. चोवीस दिवसही.
जळगावात रेंजला तोटा नाही,
गच्चीवर जावं लागत नाही, खिडकीतही नाही.
तरी सातनंतर मी गॅस बारीक करते
आणि फोन
ओट्यावर उताणा ठेवते.