तीसवरचा काटा

ओकिमुराच्या पांढऱ्या टेम्पोमागे
मी चार हिवाळे काढले.
काटा तीसवर. कधी अठ्ठावीस.
एकदा उतारावर चौतीस झाला,
तेव्हा त्यानंच दचकून ब्रेक दाबला.

शिमानेच्या डोंगरात रस्ता म्हणजे
इकडे देवदारांची भिंत, तिकडे खाली नदी,
मध्ये उरलीच तर एका गाडीपुरती जागा.
माझ्या टाकीत सहाशे लिटर रॉकेल,
वरच्या वस्तीत अकरा घरं, अकरा गार पडलेल्या शेगड्या
आणि त्सुयानोबाई,
जिच्यासाठी सात म्हणजे सात, सात-पाच नाही.

माझ्यामागे पाववाला,
त्याच्यामागे पोस्टाची लाल गाडी,
त्याच्यामागे धरणावरचा तो नवा इंजिनिअर.
बिननवऱ्याची वरात,
वाजंत्रीसुद्धा नाही,
कारण आमच्याकडे हॉर्न वाजवत नाहीत.
सभ्यता म्हणा हवं तर.
मी काचा वर करायचे
आणि मग असले शब्द काढायचे
की आईनं ऐकले असते
तर तोंडात मीठ भरलं असतं.

टेम्पोच्या पाठीवर चार रंगांच्या पाकळ्यांचं स्टिकर:
चालक म्हातारा आहे, सांभाळून घ्या.
मी त्या पाकळ्या रोज मोजल्या.
रोज चारच भरल्या.

तिसऱ्या वळणावर तर तो थांबायचाच.
उतरायचा. टेम्पोपुढे दिसेनासा व्हायचा.
एक मिनिट. दोन.
मला वाटायचं, वय झालंय,
लघवीला जात असेल.

मग पुढे जरा रस्ता रुंदावला की
डावीकडे अगदी गवतात चाक घालून
खिडकीतून हात काढायचा: जा, जा.
मी सुसाट जायचे.
मागचे पिवळे दिवे दोनदा मिचकावले
की आभार पोचतात आमच्याकडे.
मला सुचलं नाही कधी.
सुचलं. केलं नाही.

सत्त्याऐंशी पुरी झाली तेव्हा
त्यानं आपण होऊन लायसन्स परत दिलं.
बदल्यात एक कार्ड मिळालं,
दाखवलं की बसचं तिकीट अर्धं.
बस आमच्या डोंगरात येत नाही.

रस्ता माझा झाला.
चाळीस. पन्नास.
त्सुयानोबाईकडे सातला दहा कमी असताना.
ती म्हणाली, लवकर आलीस,
माझं तोंड धुवून व्हायचंय.

नवव्या दिवशी तिसऱ्या वळणावर
खांबावरचा गोल आरसा पांढराफटक.
दहिवराचा थर.
त्यात काहीच दिसत नव्हतं,
म्हणजे पुढे काही नाही,
असा मी अर्थ लावला.

लाकडांचा ट्रक माझ्या काचेपासून
एका वितीवर थांबला.
आम्ही दोघं नुसते बसून राहिलो, इंजिनं चालू.
मग तोच मागे गेला,
चढावर, उलटा, ओंडक्यांसकट,
वाट मिळेपर्यंत.
मी दिवे मिचकावले, दोनदा.
मोजले मी, कारण हात थरथरत होते.

आरशाखाली खांबाला
एक वापरून विटलेलं फडकं बांधलेलं होतं,
गोठून लाकूड झालेलं.

आता दर मंगळवारी
ओकिमुराला मी खाली दवाखान्यात सोडते.
तो माझ्या डावीकडे बसतो, टोपी मांडीवर,
आणि प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय
पायपुसण्यावर दाबला जातो.
नसलेला ब्रेक.
मी पाहिलंच नाही असं दाखवते
आणि वेग कमी करते.

तिसऱ्या वळणावर तो काही बोलत नाही.
खिशातून घडी घातलेलं फडकं काढतो,
दार उघडतो, आधी एक पाय, मग बराच वेळाने दुसरा.
मी मदतीला उतरले होते एकदा.
त्याला आवडलं नाही.

टाचा उंचावून तो आरसा पुसतो.
कडेपासून आत, गोल गोल,
जणू कुणाचं जेवणाचं ताट.

मी थांबते.
माझ्या आरशात मागे पाववाला.
काचा वर. ओठ हलताहेत.
शब्द मला पाठ आहेत.